अळणी नैवेद्य

त्या वर्षी पावसाळ्यात मला मोठा ताप आला, आणि उतरताना तो माझं नाक बरोबर घेऊन गेला. नाक तसं जागेवर होतं, त्यात नथही होती, पण वास म्हणून काही येईना. ओल्या मातीचा नाही, तुपाचा नाही, उदबत्तीचा नाही. जालन्याचे वैद्य म्हणाले, येईल हळूहळू. दिवाळी आली नि गेली, पण वास काही आला नाही.

ऐकणाऱ्याला यात एवढं काय असं वाटेल. पण आमच्या घरी देवाचा नैवेद्य थोरल्या सुनेनं करायचा, आणि थोरली सून मी. नैवेद्य चाखायचा नसतो. मिठाचा अंदाज हाताला असतो, बाकी सगळं नाकानं ओळखायचं: पुरण आटलं का, फोडणी बसली का, तूप कढलं का. नवरात्रात मी पुरण घातलं. आरती झाली, पानं वाढली, सगळे निमूट जेवले. सासूबाईंनी तर पुरण मागून घेतलं. मागाहून पातेलं घासायला घेतलं तेव्हा बुडाला काळाकुट्ट थर दिसला. म्हणजे सगळ्या घरानं करपलेलं पुरण खाल्लं होतं आणि मला कोणी एका शब्दानं बोललं नव्हतं. तेच मला फार लागलं. कोणी बोललं तर भांडता तरी येतं. गप्प बसलेल्या माणसांशी काय भांडणार?

हळूहळू मनानं घेतलं की देवालाच माझ्या हातचं नको झालंय. नाहीतर त्यानं नेमकं नाकच कशाला काढून घेतलं असतं? मार्गशीर्ष लागला, चंपाषष्ठी जवळ आली. आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासापासून वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं, आणि देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. मी सासूबाईंना सांगितलं, यंदाचा नैवेद्य जाऊबाईंनी करावा. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या, आणि मी मागे जाऊन पोटभर रडले.

आमचे हे कचेरीत दिवसभर उर्दूत दफ्तर लिहायचे आणि घरी येऊन मराठीत गप्प बसायचे. पण त्या वेळी त्यांनी आपणहून रजा काढली. म्हणाले, "चल, औरंगाबाद बघून येऊ. चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला जाऊ, तिथं कोरा शिधा देऊ." सातारा म्हणजे औरंगाबादेबाहेर डोंगराच्या पायथ्याचं गाव. कोरा शिधा दिला की रांधायला नको, आणि मी घरी नसले की जाऊबाई का करतात हे कोणी विचारायला नको. माझी लाज झाकायची ही त्यांची रीत होती. मला कळलं, पण कळलं असं मी दाखवलं नाही.

शहागंजाजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी टांगा करून मकबऱ्याला गेलो. धुकं एवढं दाट होतं की पुढे नुसते हौद आणि सरूची झाडं, त्यापलीकडे काही नाही. मग एक मिनार उमटला. मग मधला घुमट, पांढऱ्यात पांढरा, जमिनीला न टेकलेला. बघता बघता सगळं पुन्हा पुसलं गेलं आणि आम्ही दोघं रिकाम्या धुक्याकडे बघत उभे राहिलो. मला तिथून हलवेना. तापानंतरचं माझं जग असंच तर झालं होतं. सगळं दिसायचं, पण जवळ काही यायचं नाही.

दुपारी पाणचक्की पाहिली. हौदावर पाणी धो धो कोसळत होतं आणि खाली चक्कीचं चाक फिरत होतं. ह्यांनी सांगितलं, हे पाणी लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी येतं, वाटेत कुठे दिसत नाही, एकदम इथे वर निघतं. एरवी दोन शब्द न बोलणारा माणूस त्या पाण्याबद्दल बराच वेळ बोलत होता. तेवढ्यात शेजारच्या दर्ग्यातून एक फकीर ऊद जाळत आला आणि धुराचा लोट माझ्या तोंडावरून गेला. डोळे चुरचुरले. हे आशेनं माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणून मान हलवली, आणि ते पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

संध्याकाळी शहागंजात फिरलो. नानबाई तंदुरातून गरम नान काढत होता आणि शेजारी खलियाची, म्हणजे मटणाच्या रश्श्याची, देग उघडली होती. आमच्यात ते चालत नाही, तरी आमचे हे त्या दुकानापुढे जरा जास्तच रेंगाळले. मग पुढे द्रोणात गरम इमरती घेतली. जिभेला साखर कळली, इमरती कळली नाही. पेरू खाल्ला, तो नुसता कचकच लागला. दिवे लागले होते, अत्तरवाले बाटल्या पुसत होते, बुरख्यातल्या बायका हिमरूचे तागे उलगडून बघत होत्या, आणि मी त्या गर्दीतून झोपेत चालल्यासारखी चालत होते. ह्यांनी "येतोय का?" विचारायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे असंच राहणार.

चंपाषष्ठीला टांगा स्टेशनाच्या पुढे जाईल तितका नेला आणि उरलेली वाट चालत गेलो. देवळापर्यंतचं सगळं पिवळं झालं होतं: माणसं, बैलांची शिंगं, पायऱ्या. भंडारा उधळला जात होता, वाघ्यांच्या दिमड्या वाजत होत्या, येळकोटाचा गजर डोंगरावर आपटून परत येत होता. देवळाखालच्या रानात घरोघरची माणसं गोवऱ्या पेटवून वांगी भाजत होती. मी शिध्याचं गाठोडं छातीशी धरून त्यांच्यामधून मान खाली घालून निघाले, तोच एका म्हातारीनं वाट अडवली. पुढ्यात वांग्यांची पाटी, अंगावर जुनी हिरवी ओढणी, हातात चांदीचं कडं. ती त्याच गावची मुसलमान बाई होती आणि जत्रेत वांगी विकत होती.

"वांगी न्या, बाई."

मी म्हटलं, आम्ही कोरा शिधा देणार आहोत.

"कोरा? आज?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चार म्हयने त्यानं वांगं तोंडात घेतलं नाय. आज पान मांडून बसलाय, अन् तुम्ही त्याच्याम्होरं पीठ ठेवताव व्हय? आमच्यात तो मल्लूखान हाय. माझी सासू बी हितंच वांगी इकायची. कोरा शिधा आजच्या दिसाला कुनी दिल्याला पायला नाय मी."

जे घरात कोणापुढे बोलले नव्हते ते मी त्या अनोळखी बाईला मावशीसारखी हाक मारून बोलून गेले. "खाला, मला वास येत नाही हो. भाजलेलं कोणतं नि जळलेलं कोणतं, मला कळत नाही. देवाला करपलेलं कसं देऊ?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "करपल्यालं खाईल," ती म्हणाली. "भुकेला हाय त्यो. परीक्षा घ्याया नाय बसला." आणि माझ्या पदरात वांगी टाकून, आपल्या जाळातल्या दोन गोवऱ्या काढून तिनं माझ्यापुढे मांडल्या.

मी बसले. हे पाणी आणायला गेले. वांगी निखाऱ्यात लावली, बरोबरच्या तांब्यातल्या पाण्यानं पीठ मळलं, रोडगे थापले. हात कापत होते. वांग्याची साल तडकू लागली तशी मी घाबरले, काढू की ठेवू काही सुचेना. शेवटी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, मल्हारी, माझ्याकडे हात आहेत, नाक नाही. आता होईल ते तुझं. असं म्हटल्यावर कितीतरी महिन्यांनी माझा जीव निवांत झाला. दिमड्या लांब गेल्यासारख्या वाटल्या. धुरात, उन्हात, पिवळ्या धुळीत मी नुसती बसून राहिले.

आणि मला वास आला.

आधी वाटलं, आठवणच असेल. पण नाही, खरा, झणझणीत, जळल्याचा वास! मी ताडकन उठले आणि ओरडले, "जळतंय! अहो, जळतंय! मला वास येतोय!" हे पाण्याची घागर घेऊन धावत आले. आजूबाजूची माणसं बघू लागली. मी आनंदानं नाचायची तेवढी राहिले होते. एवढ्यात खालानं माझ्यावर झडप घातली, माझा पदर दोन्ही हातांनी चुरगाळला आणि मातीत दाबला.

"अगं बाये, तूच जळतीस की!"

पदराचं टोक पाठीमागे निखाऱ्यात गेलं होतं आणि लुगड्यानं पेट घेतला होता. मला कळलंही नसतं. ह्यांनी सगळी घागर माझ्यावर ओतली. थंडीत मी चिंब भिजून उभी राहिले, आणि एकामागून एक वास येत राहिले: ओल्या राखेचा, वांग्याच्या सालीचा, भंडाऱ्यातल्या हळदीचा, खालाच्या हातांच्या तंबाखूचा, ह्यांच्या कोटाला कायम येणारा शाईचा. शाईचा वास आला तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

भरीत कालवून ताट घेऊन पायऱ्या चढले, तोवर वास पुन्हा गेला होता. पण मला त्याचं काही वाटलं नाही. देवापुढे ताट ठेवलं, डोळे भरून त्याच्याकडे पाहिलं आणि काही न मागता खाली आले. प्रसाद पहिल्यांदा खालाला दिला. तिनं घास तोंडात घातला आणि थांबली. ह्यांचं मात्र भराभर चाललं होतं. "छान झालंय," हे म्हणाले.

"मीठ नाय," खाला म्हणाली.

पदराच्या गडबडीत मी मीठ घालायचंच विसरले होते! ह्यांनी घास गिळून खाली बघितलं. मी हसायला लागले ते थांबेचना. मग खालाही हसली, हेही हसले. "बिनमिठाचं जेवला आज," खाला देवळाकडे हात करून म्हणाली, "अन् तक्रार बी केली नाय."

तिच्या त्या बोलण्यानं नवरात्रातली पंगत माझ्या डोळ्यांपुढे आली.

जालन्याला पोचल्यावर पाय धुऊन मी सरळ सासूबाईंपाशी गेले. त्या वाती वळत होत्या. मी विचारलं, "नवरात्रातलं पुरण करपलं होतं ना?"

"व्हय. लई करपलं व्हतं."

"मग मागून का घेतलंत?"

त्यांनी हातातली वात पुरी वळली आणि ठेवली. "तू केलतंस म्हणून," त्या म्हणाल्या.

पुढे फाल्गुनात, आंब्याला मोहोर आला तेव्हा, माझा वास सावकाश परतला. वैद्य म्हणाले, मी म्हणालोच होतो. म्हणाले असतील. मी कोणाशी वाद घालत नाही. साताऱ्याला आम्ही पुढेही गेलो, पण ती वांगी विकणारी खाला पुन्हा दिसली नाही. जिथे असेल तिथे तिला सुख लाभो, एवढं मी रोज देवापाशी म्हणते. नैवेद्य आजही मीच करते, आणि तो बिघडेल या भीतीनं माझा हात पुन्हा कधी कापला नाही. देव जेवतो, आणि काही बोलत नाही.