गच्चीवरून पाहिलेला सिनेमा

परवा इथं जर्मनीत, आमच्या गल्लीत निवडणुकीची पोस्टरं चिकटवत होते, त्या ओल्या खळीच्या वासानं मला सोनपेठचं आमचं अंगण आठवलं. काही वर्षांपूर्वी मी सुट्टीत घरी गेले, तेव्हा बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. नगरपालिकेच्या निवडणुकीत दोघांनी दोन पक्षांचा प्रचार केला होता, आणि तेव्हापासून भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांतली ये-जा थांबली होती. एका संध्याकाळी अंगणात चादर बांधून, सोबत नेलेल्या प्रोजेक्टरवर मी आई-बाबांना एक जर्मन सिनेमा दाखवत होते. नदीवर पूल बांधावा की नाही, यावरून गावात दोन गट पडतात, अशी त्याची गोष्ट होती आणि प्रत्येक संवाद मी मराठीत सांगत होते. मध्येच काकांच्या गच्चीवरून आवाज आला, "तो म्हातारा आत्ता काय म्हणला?" मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले, "म्हणला, पूल झाला तरी त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाई." मग वर न बघता बाबा म्हणाले, "खाली ये की. तिथून तिरपं दिसत असंल." काका अनवाणीच आले आणि बाबांच्या सतरंजीवर टेकले. सिनेमा संपायच्या आत दोघं पुन्हा पक्षावरून भांडायला लागले, तशी आई हसून चहा टाकायला उठली. आजही दोघांची मतं वेगळीच आहेत. रविवारी फोन लावला की दोघं शेजारी बसून, एकमेकांचं बोलणं तोडत मला गावचं राजकारण समजावतात, आणि खरं तर तेवढं भांडण ऐकायलाच मी फोन लावते.