मामांची पोटरी आणि जिन्याचा खांब

ज्या ज्या वस्तूला भोक पाडून तिच्या पोटात काही भरता येतं, त्या प्रत्येक वस्तूत आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी काहीतरी भरलेलं आहे. याला अपवाद एकच, त्यांचा स्वतःचा देह. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, राहणार लालबागच्या एका चाळीत, मूळ गाव मालवणच्या बाजूला. त्यांच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मामा शाळा सोडून एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागले. तिथे वितळलेलं प्लास्टिक दाब देऊन साच्यात भरायचं आणि कंगवे काढायचे. पुढे भायखळ्याच्या एका गॅरेजात ट्रकच्या इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे पंप दुरुस्त केले. आणि शेवटी ज्या कामात त्यांचं नाव झालं ते म्हणजे जुन्या इमारतींच्या भेगा भरण्याचं. भेगेच्या कडेने भोकं पाडायची, त्यांत नळ्या बसवायच्या आणि सिमेंटचं पातळ पाणी पंपाने आत ढकलायचं. या कामाला सगळे बिल्डिंगला इंजेक्शन देणं असंच म्हणतात. मामांचं म्हणणं, "धंदे तीन केले जावईबापू, पण काम एकच. दाब द्यायचा आणि आत घालायचं."

या कामाने त्यांना काही खोडी लावल्या. कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघणार. लग्न ठरवायला आमच्या दादरच्या घरी आले तेव्हा पोह्यांना हात लावण्याआधी त्यांनी हॉलच्या चारही भिंती ठोकल्या आणि माझ्या वडिलांना विचारलं, "भिंत आतून पोकळ आहे. मुलगा कसा आहे?" वडील पुढे बरेच दिवस माझ्याकडे संशयाने बघत होते. एकदा मामींनी भरली वांगी करायला घेतली, तर मामा म्हणाले, वांगी चिरायची कशाला, दाबाने मसाला भरू. ग्रीस भरायची नवीकोरी बंदूक आणली, मसाला भरला आणि दांडा दाबला. त्या वांग्याचा अर्धा भाग पुढे कित्येक वर्षं त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला डागाच्या रूपाने शिल्लक होता. "प्रेशर जरा जास्त झालं," एवढंच मामा म्हणाले आणि उरलेली वांगी मुकाट्याने चिरू लागले.

मात्र हाच माणूस डॉक्टरच्या सुईला असा भीत असे की बघणाऱ्याला घाम फुटावा. ताप आला तर दवाखान्याच्या दारात चपला काढतानाच विचारत, "गोळ्या आहेत ना?" सगळी मुंबई लसीसाठी रांगा लावत होती तेव्हा हे आंब्याची राखण करायच्या निमित्ताने गावी जाऊन बसले, आणि त्या वर्षी त्यांच्या कलमांना आंबाच धरला नव्हता. मी एकदा चिडवलं तेव्हा ते हसले नाहीत. भायखळ्याच्या गॅरेजातली गोष्ट सांगितली. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या फिटरने चालू फवाऱ्यासमोर चुकून बोट धरलं. डिझेल थेट कातडीतून आत गेलं. टाचणीने टोचावं तेवढंच भोक होतं, रक्तही आलं नाही, गडी हसत चहा प्यायला गेला. संध्याकाळपर्यंत हात काळानिळा झाला आणि शेवटी त्याचं बोट काढावं लागलं. "आत गेलेलं परत काढता येत नाही, जावईबापू," मामा म्हणाले. "भिंतीचंही तेच. म्हणून मी आधी ठोकून बघतो." त्यानंतर मी त्यांना त्या बाबतीत चिडवलं नाही, निदान तोंडावर तरी.

आणि अशा माणसाला कुत्रा चावला. चाळीतला ओळखीचा कुत्रा असता तर गोष्ट निराळी, त्याला मामी रोज माशाची डोकी घालतात. हा भायखळ्याच्या भाजी मार्केटमागचा कोणीतरी परका कुत्रा होता. पोटरीला कडकडून चावला आणि पळून गेला, पुन्हा कोणाला दिसला नाही. मामांनी घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. भेग भरायच्या आधी ती वरून पक्की बंद करायची असते, म्हणजे आतला माल बाहेर येत नाही. तोच नियम त्यांनी पोटरीला लावला. चुना आणि हळद कालवून जखमा लिंपल्या, वर कामावरची चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि पँट खाली सोडली. दोन दिवसांनी मामींना धुण्यात पँटला दातांची भोकं दिसली. मामींनी माझ्या बायकोला फोन केला, बायकोने मला ऑफिसातून उठवलं, आणि आम्ही टॅक्सी करून लालबागला पोचलो तेव्हा मामा खाटेवर बसून शांतपणे सांगत होते की सील एकदम पक्कं बसलंय, काळजीचं कारण नाही.

पालिकेच्या रुग्णालयात त्यांना आम्ही कसं नेलं ते आमचं आम्हालाच माहीत. जिन्यात त्यांनी खांबाला मिठी मारली. हा खांब त्यांचा लाडका. तडकला होता तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चाने, रविवार मोडून, तो खालून वरपर्यंत भरला होता. त्याच्यापासून त्यांना सोडवताना माझ्या शर्टाचं बटण गेलं. रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चिकटपट्टी सोडवली, खालचा चुना बघितला. मग म्हणाल्या, "हे कोणी केलं? ही जखम झाकायची नसते. साबण लावून भरपूर पाण्याखाली धुवायची असते. तुम्ही विष आत कोंडून ठेवलंत."

मामांचा चेहरा उतरला. आपल्या हातून काम चुकलं हे त्यांना सुईपेक्षाही जास्त लागलं असावं. तरी हट्ट सुटेना. "सुई नको," ते म्हणाले. "आत गेलेलं परत काढता येत नाही."

"बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगते. कुत्र्याचं आत गेलेलं आहे. ते हळूहळू मेंदूकडे निघालंय. तिथे पोचलं तर माझ्याकडे काहीच औषध नाही, कोणाकडेच नाही. ते पोचायच्या आत आपलं पोचायला हवं."

मामी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "कुत्र्यान टोचल्यान तेवा तुमका इचारल्यान काय?"

मामांनी डोळे मिटले आणि पाय पुढे केला. नर्सबाई आल्या, वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. एक लस दंडात दिली. दुसरं औषध मात्र चावल्याच्या जागीच, जखमेच्या आजूबाजूने, थोडं थोडं करत भरायचं होतं. नर्सबाईंनी सुई हातात घेतली, मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जरा दुखेल हं, मामा." मामांनी माझा पंजा असा आवळला की मला वाटलं आता मलाही केसपेपर काढावा लागणार. मग त्यांनी एक डोळा उघडला. सुई एकदा इथे, एकदा तिथे, भेगेच्या कडेने. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, खालून वर घ्या, म्हणजे आत हवा राहणार नाही." नर्सबाईंनी वर न बघता सांगितलं, "मामा, हा पाय आहे, पिलर नाही."

पण एवढ्यावर संपलं नाही. पुढच्या सुया ठरल्या वारी घ्यायच्या होत्या आणि दुसऱ्याच वेळेला मामा घरातून नाहीसे झाले. संध्याकाळी परत आले ते म्हणत, पहिला डोस भरपूर लागला आहे, माल आत मुरू दे. आम्ही समजावलं, ओरडलो, बायको तर रडली. ते ढिम्म. त्याच रात्री जेवणाच्या वेळी मामींचा फोन आला. "पाणी नको म्हणतंत," एवढंच त्या बोलल्या. पाण्याची भीती हे कशाचं लक्षण आहे ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. दादरहून लालबाग ते किती लांब, पण त्या रात्री परळचा पूल संपतच नव्हता. टॅक्सीत बायकोने माझा हात धरला होता आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मनातल्या मनात मी त्यांना खूप शिव्या दिल्या आणि तेवढ्याच वेळा देवाला विनवलं.

आम्ही दारात पोचलो तर मामा मांडी घालून सोलकढीचा तिसरा पेला पीत होते. "कढीवर कोण पाणी पितं?" त्यांनी आम्हालाच विचारलं. मामी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. चाळ पाडून नवी इमारत व्हायची होती, सगळ्यांची बांधाबांध चालली होती, आणि मामींच्या बाजूला भांड्यांनी भरलेलं खोकं होतं. त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "नव्या घराची चावी मी एकटीनच घेव काय?"

मामांनी पेला खाली ठेवला. मग उठले आणि त्यांनी खुंटीवरची पँट घेतली. "चला जावईबापू. तिथे रात्रीचं कोण असेल ना?" त्यानंतरची एकही सुई त्यांनी चुकवली नाही. शेवटच्या वेळी मी न्यायला गेलो तर ते एकटेच जाऊन आलेले. जाताना नर्सबाईंसाठी उकडीचे मोदक घेऊन गेले होते. "बाई खरं बोलते," ते मला म्हणाले. "दुखणार नाही असं सगळेच सांगतात. ही सांगते, जरा दुखेल. आणि हात ठेवते. मी इतक्या भिंतींना भोकं पाडली, पण एकाही भिंतीला कधी तसं सांगितलं नाही." मी हसलो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला हा माणूस किती आवडतो ते त्या दिवशी मला कळलं.

महिन्याभराने चाळ रिकामी झाली. मामा-मामी भाड्याच्या खोलीत शीवला गेले. पाडकाम सुरू झालं त्या सकाळी मामांनी मला बोलावून घेतलं. सभोवार पत्रे लावलेले होते, पण एका फटीतून जिना दिसत होता. मशीनने वरचे मजले सहज खाली आणले. जिन्याच्या खांबापाशी मात्र ते अडलं, पुन्हा पुन्हा धक्के देत राहिलं, आणि खांब उभाच. ड्रायव्हरने खाली उतरून एकदा बघितलंही. "माझा माल आहे तो," मामा म्हणाले. त्यांनी पत्र्यावर तळहात ठेवला. मामींनी त्यांचा दुसरा हात धरला. मशीन मागे सरलं, त्याने सोंड उचलली, आणि मामा पत्र्याच्या फटीला तोंड लावून अगदी हळू म्हणाले, "जरा दुखेल हं."