नव्वद टक्क्यांची अट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. धरणगावात मला 'इंजिनियर' म्हणून हाक मारतात आणि मी ओ देतो — तिथूनच सुरुवात करू का?

बारावीला मला एक्कावन्न टक्के. इकडचं कुठलं कॉलेज दारात उभं करणार? अमेरिकेतल्या काकांनी त्यांच्या गावातलं दोन वर्षांचं कॉलेज शोधलं. तिथे मार्क विचारत नव्हते. फी विद्यापीठापेक्षा कितीतरी कमी, शिकवणं सगळं हाताने काम करून, आणि हवं तर पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता यायचं. मी पुढे गेलो नाही. फ्रीज-एसीची दुरुस्ती शिकलो. माझ्या शेजारी चाळिशीचे बाप्ये, लेकुरवाळ्या बायका शिकायला बसायच्या. खरं सांगू? शाळेत मी इतका सुखात कधीच नव्हतो.

मग घरी तसं का नाही कळवलं? आबांनी — माझ्या वडिलांनी — गावभर 'युनिव्हर्सिटी' करून टाकलं होतं. मी काकांना गप्प राहायला लावलं. एवढ्यावर थांबलो नाही. बसने लांबच्या एका विद्यापीठात गेलो, फाटकासमोर फोटो काढून घेतला आणि धाडून दिला. आबांनी तो बैठकीत लावला.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास परतलो, तर शाळेत सत्कार. फळ्यावर रंगीत खडूने माझं नाव, पुढे 'इंजिनियर'. शाल घेताना एकच विचार — कुणी सर्टिफिकेट मागितलं तर?

कुणी मागितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सुमन आली. माझी आत्येबहीण. धुळ्याला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं शिकलेली, मार्क माझ्याइतकेच. गल्लीतले बंद पडलेले रेडिओ तिच्याकडेच यायचे.

"भाऊ, माले तठे लेतीन का?"

घेतलं असतं. अशांसाठीच तर ते कॉलेज होतं! काका तिचे सख्खे मामा, राहायचीही सोय झाली असती. माहितीपुस्तक माझ्या ट्रंकेत तळाशी होतं. पण ती तिथे गेली की — तिचं एक पत्र, आणि आबांच्या त्या फोटोचं काय? मी म्हणालो, नव्वद टक्क्यांच्या खाली तिथे अर्जसुद्धा घेत नाहीत.

"बरं भाऊ," म्हणाली. आणि मला चहा करून दिला.

वर्षभरात तिचं लग्न झालं, चाळीसगावला. पाच-सहा वर्षांनी तिच्या घरी गेलो होतो. तिची नणंद नुकतीच बारावी झालेली, टक्के बेताचे. तिने भीत भीत मला अमेरिकेतल्या कॉलेजांचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सुमनच बोलली, केवढ्या अभिमानाने —

"तठे नव्वद टक्का लागतस. भाऊनी माले सांगेल शे."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.