एसीच्या जाळीतले पाच दसरे

गाडीचा एसी गार वारा देत नसेल, तर दोष गॅसचा समजावा की वाऱ्याच्या वाटेचा? या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी नव्वदच्या दशकातील एक संपूर्ण मे महिना खर्च केला.

निमित्त माझ्या सासऱ्यांचे. ते निवृत्त मुख्याध्यापक, मी साधा शाळामास्तर. साताऱ्यास आमच्याकडेच राहत. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सांगलीत ठरली होती. परतताना डोळ्यात धुळीचा कणही जाता कामा नये, गाडीच्या काचा बंद ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. मे महिन्यात काचा लावून सांगलीहून साताऱ्यास येणे म्हणजे स्वतःला कुकरमध्ये घालून घेण्यासारखे होते.

गाडीस एसी होता. माधवनगरच्या एका गिरणीमालकाकडून ती जुनी गाडी घेतल्यापासून पाच वर्षे त्याचे बटण मात्र कोणी दाबले नव्हते; एसी पेट्रोल पितो, अशी घरात पक्की समजूत होती. आता दाबले, तेव्हा घरघर झाली आणि उंदराच्या बिळासारखा वास आला. साताऱ्यातील एका गॅरेजवाल्याने काही न उघडताच गॅस भरून दिला. इंजिनाजवळची नळी गार झाली. आत आली ती नुसती फुंकर.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी सांगलीस गेलो, त्या दिवशी सासऱ्यांसह गाडी तेथील एका एसी-मिस्त्रीकडे नेली. मी गॅसविषयी सविस्तर सांगू लागलो. त्याने ते शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "आडात पाणी हाय मास्तर, पोहराच वर येत न्हाई." वर्गात असे उत्तर देणाऱ्यास मी पूर्ण गुण दिले असते.

त्याने डॅशबोर्डचा कप्पा उतरवला व त्यामागचा पंखा काढला. पंख्यात उंदराचे घरटे होते, आणि ते सुकलेल्या आपट्याच्या पानांनी बांधलेले होते. त्यामागे थंडावा देणारी जाळी. तिच्यावर हळद-कुंकवाचा थर, झेंडूच्या पाकळ्या. पाणी बाहेर सोडणारी नळी अक्षतांनी बुजलेली.

"आवं, हितं पाच दसरं बसल्यात," मिस्त्री म्हणाला. "गाडीची पूजा कोण करतंय?"

मी सासऱ्यांकडे पाहिले. ते स्टुलावर बसून समोरच्या भिंतीचे एकाग्रतेने निरीक्षण करीत होते. ती भिंत त्यांना नीट दिसत नव्हती, हे मला ठाऊक होते.

मिस्त्रीने जाळी साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने धुतली. वाकलेल्या पात्या सरळ केल्या. नळीत हवा मारून अक्षता उडवल्या. सर्व जोडल्यावर साबणाचा फेस लावून गॅस कुठे गळतो का, तेही पाहिले. माझे समाधान होईना. प्रश्न गारव्यापेक्षा डोळ्याचा होता; याच वाटेने धूळ आली तर उघड्या काचा परवडल्या. मी ओला पांढरा रुमाल वाऱ्यासमोर पाच मिनिटे धरला. तो पिवळा झाला. मी पुन्हा हवा मारण्यास सांगितले. दुसरा रुमालही पिवळसर निघाला.

"हळद उतरंपतोर धुताय," मिस्त्री म्हणाला, "गाडी हाय का नवरी?"

चौथा रुमाल कोरा राहिला, तेव्हाच मी पंखा बंद केला.

शस्त्रक्रिया झाली. परतताना डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले सासरे मागे बसले होते. कराडच्या पुढे त्यांनी शाल मागितली. पुढील तपासणीत डॉक्टरांनी डोळा स्वच्छ असल्याचे सांगितले. मी चौथ्या रुमालाची हकीकत त्यांना ऐकवली, ती त्यांनी उभ्यानेच ऐकली.

त्या वर्षीच्या दसऱ्यास सासरे तबक घेऊन गाडीत वाकले. डॅशबोर्डवरील फटींकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"जावईबापू, ही वाऱ्याची जाळी होय? इतकी वर्षं मी पानं खोवायची जागा समजत होतो."

पान त्यांनी बॉनेटवर ठेवले. अक्षता मात्र सवयीने फटीतच गेल्या.

तेव्हा दोष आमच्याकडे तरी वाऱ्याच्या वाटेत होता. आपल्या गाडीत तो कोठे आहे, हे माझ्या शब्दावर विसंबून ठरवू नये. गॅस भरण्यापूर्वी एक ओला पांढरा रुमाल घ्यावा आणि कृपया स्वतः तपासून पाहावे.