जोतीरामचा तडा

जोतीराम सुताराचा अंगठा सगळ्या उद्यमनगरात माहीत होता. फौंड्रीत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही पार्ट ओतायचा तर तो आधी लाकडात घडवावा लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत बिडाचा रस ओतायचा. जोतीरामनं बेचाळीस वर्षं असे पॅटर्न केले, पंपाचे, मोटारींचे, उसाच्या चरकाचे. आतल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवून तो सांगायचा, इथं तडा जाणार, मेण भरून गोलाई द्या. दुसऱ्या दिवशी इंजिनियर लोक कॉम्प्युटरवरून तेच सांगायचे आणि आपणच शोध लावल्यासारखं तोंड करायचे.

त्याची लेक अनुजा राजारामपुरीतल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत होती. ती नेमकं काय करते हे त्याला चार वर्षांत धड कळलं नव्हतं. "चित्रं हलवती," असं तो पावण्यारावळ्यांना सांगायचा, आणि ते "बरं बरं" म्हणून चहाकडं वळायचे.

यंदा स्टुडिओला मोठं काम मिळालं. अवकाशातल्या लढायांचा एक व्हिडिओ गेम होता, पोरं त्याच्यापायी जेवणखाण विसरायची. त्यावर टीव्हीसाठी मालिका निघत होती. गेममध्ये 'वज्रपंख' नावाचं लढाऊ जहाज मार खाल्ला की नुसतं चमकून नाहीसं व्हायचं. मालिकेत तसं चालणार नव्हतं. पहिल्या भागाच्या शेवटी ते लोकांच्या डोळ्यांदेखत मोडायचं होतं, आणि ते मोडायचं काम अनुजाच्या वाट्याला आलं होतं. दोनदा तिनं करून पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. "पापड मोडल्यासारखं वाटतंय," असा शेरा होता. स्टुडिओचे मालक अमरसिंह पोटात काही ठेवणारे नव्हते. "सोमवारी तिसऱ्यांदा पाठवायचं. आता परत आलं तर शॉट पुण्याला जाईल, आणि तू मागच्या चांदण्या रंगवत बसशील," त्यांनी सांगून टाकलं.

जहाज हातात धरून फिरवता आलं तर काही सुचेल, असं अनुजाला वाटलं. मंगळवारी संध्याकाळी तिनं लॅपटॉप वडिलांपुढं ठेवला. "आबा, एवढं लाकडात करून द्या की मला."

जोतीरामनं बोट लावलं तसं जहाज पडद्यावर फिरलं. पोट दिसलं, पंख दिसले, पंखाच्या मुळातल्या खाचा दिसल्या. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ह्ये ठेवलंय कुटं?"

"कुठंच न्हाय आबा. नुसतं हितंच हाय."

"न्हायच म्हनतीस, आनि सावली पडतीया?"

त्याला भीतीच वाटली खरं तर. लाकूड नाही, लोखंड नाही, वजन नाही, आणि तरी कुणीतरी इंचन्‌इंच घडवलेलं. कितीतरी वेळ तो जहाज फिरवतच बसला. त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, जेवायला दोनदा हाक मारली, ती त्याच्या कानावरच गेली नाही.

चार दिवस तो सागवानावर वाकलेला होता. शनिवारी जहाज तयार झालं. देखणं झालं होतं यात शंका नाही. पण अनुजानं त्यावरून हात फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवून बघितला. गेममधल्या जहाजाचा कोपरान्‌कोपरा सुरीसारखा होता. इथं सगळे कोपरे गोल, वाळूतून अलगद सुटावं म्हणून भिंतींना हलका उतार, पंख पोटाला मिळतो तिथं मेण भरून केलेली गोलाई. बेचाळीस वर्षांच्या हातानं डोक्याला न विचारताच आपलं काम उरकलं होतं.

"आबा, अवो ह्ये मोडणार कुठनं?"

"मोडंल कशाला? एवढी वर्षं गवात उपटलं व्हय मी?"

"पण मोडायसाठीच पायजे हुतं की मला!" अनुजाचा आवाज चिरकला. "न मोडणारं घिऊन काय करू? परवा सोमवार हाय."

जोतीराम खाली बसला. मोडू नये म्हणून काय करायचं, एवढंच लोकांनी त्याला आजवर विचारलं होतं. मोडतं कसं हे विचारणारी ही पहिलीच. मग उठून परसदारी गेला आणि दाराला अडसर म्हणून ठेवलेला बिडाचा तुकडा उचलून घेऊन आला. अनुजाच्या पायाला लहानपणापासून त्याच्या ठेचा लागत आल्या होत्या.

"माझा पयला पॅटर्न," तो म्हणाला. "पंपाचा. कोपरा तसाच धारदार सोडलेला. चाळीस नग वतलं आनि चाळीसच्या चाळीस तडाकलं. फौंड्रीतल्या बाळासो मिस्त्रीनं हाकाललं न्हाय मला. ह्यो तुकडा हातात दिला, म्हनला, घरी ने. तुज्या आईला बी म्हाईत न्हाय. रस्त्यात घावला म्हनून सांगितलंय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

त्यानं लेकीचं बोट धरून मोडलेल्या अंगावरून फिरवलं. आत गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा रवा होता, करडा. "जाड अंग सावकाश थंड हुतंय, पातळ लगीच. दोगं एकमेकाला वडत्यात, आनि ती वडाताण कोपऱ्यात यिऊन बसती. पोलाद वाकून तरी सांगतंय. बीड सांगत न्हाय. उभं हाय तवर उभं. मग एकदम."

अनुजानं तो तुकडा पिशवीत घातला आणि रविवारचा सगळा दिवस स्टुडिओत काढला. सोमवारी शॉट गेला. बुधवारी उत्तर आलं, आणि त्यात दुरुस्ती एकही नव्हती.

मालिका लागली त्या रविवारी सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचे तात्यासो तर मूठभर शेंगदाणे घेऊन अगदी पुढं बसले होते. शेवटी वज्रपंखावर मार बसला. काहीच झालं नाही. जहाज काळ्या आभाळात उभंच, सगळे दिवे लागलेले, श्वासभर तसंच. मग पंखाच्या मुळाशी, त्या धारदार कोपऱ्यात, केसाएवढी रेघ उमटली आणि डोंगराएवढं जहाज एकदम दोन झालं. मोडलेल्या अंगाचा करडा रवा सूर्याच्या उजेडात चमकला. तुकडे इतक्या संथपणे एकमेकांपासून दूर गेले, की तात्यासोंचा हात शेंगदाण्यांसकट तोंडाजवळच थांबला.

जोतीरामच्या अंगावर काटा आला होता. ज्याच्या धाकानं तो जन्मभर कोपरे भरत आला, ते इतकं भव्य असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आयला, काय मोडलं!" तात्यासो म्हणाले. "कुणाचं डोस्कं म्हनायचं ह्ये?"

जोतीराम उठून उभा राहिला आणि भट्टीजवळ बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाला, "त्यो तडा माझा हाय."

माणसं हसली. म्हातारा चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. बनाबाई हसली नाही. तिनं पुढं होऊन टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाली, "सांगा की मग सगळ्यास्नी. पयल्यापास्नं सांगा."