कड आधी कुठून सुटते

शेजारची सातवीतली मुक्ता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फोटोंचा प्रकल्प शोधत होती. चंद्र झाला, मुंग्या झाल्या. पण बाबांच्या जुन्या, साध्या डिजिटल कॅमेऱ्यात चंद्र म्हणजे नुसता ठिपका आणि मुंग्या पुसट. शेवटी गच्चीवर मी घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांकडे बघून तिने विचारलं, "काकू, वाळताना पापडीची कड आधी कुठून सुटते?"

"सगळीकडून एकदमच," मी ठासून सांगितलं. तीस उन्हाळे पापड्या घालतेय मी.

तिने स्टुलावर कॅमेरा ठेवला आणि दर दहा मिनिटांनी एकाच पापडीचा फोटो काढला. संध्याकाळी ते सगळे फोटो मला दाखवले. वाऱ्याच्या बाजूची कड आधी सुटली होती, बाकीची मागून, सावकाश.

मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा, आंबट ढेकरेसारखा घशाशी आलेला. पापड्या माझ्या, ऊन माझ्या डोक्यावरचं, आणि दिसलं मात्र तिला. इतकी वर्षं मी काय बघत होते? कावळे, ढग, खाली गॅसवर ठेवलेलं दूध. कड सुटली की पापडी उलटायची, एवढंच मला ठाऊक. ती सुटते कशी, असंही विचारता येतं हे कधी सुचलंच नाही.

एका फोटोत माझा हात आला होता. कड सुटली का ते सवयीने नखाने उचकटून बघणारा.

"काकू, हा फोटो गाळावा लागेल," मुक्ता म्हणाली. "तुमच्या हाताआड पापडीच दिसत नाहीये."