चालू असेल तरच अँटेना

सातपूरच्या वसाहतीत काचेच्या नळ्या वाकवून दुकानांच्या रंगीत पाट्या करणारे एक गृहस्थ माझ्याकडे अर्ज लिहून घ्यावयास येत. बोलण्यापूर्वी चष्म्यावर फुंकर मारण्याची त्यांची सवय होती. नामपूरकडच्या अहिराणीतले 'शे' त्यांच्या जिभेवरून कधी उतरले नाही. कागदावर मी त्याचे 'आहे' करीत असे.

अलीकडे ते त्याच नळ्यांचा अँटेना करू लागले होते. नळीतल्या वायूत वीज सोडली की त्याचा प्लाझ्मा होई आणि तो मायक्रोवेव्ह लहरी पकडू लागे; वीज कमी-जास्त केली की अँटेनाही बदले. शेजारच्या गाळेवाल्याने विनापरवाना अँटेनाची तक्रार केली. ती खरी ठरल्यास या गृहस्थांच्या गाळ्याला सील लागणार होते.

"भाऊसाहेब, चालू शे तवर अँटेना शे. बंद केला का नुसती काच शे."

या वाक्यात मला बचाव दिसला. 'सदर गाळ्यात अँटेना नाही' असे उत्तर मी लिहिले आणि बटणाला हात न लावण्याची त्यांना सक्त ताकीद दिली.

तपासणीच्या दिवशी परवाना खात्याचे साहेब आले, तेव्हा मी गाळ्यातच होतो. साहेबांनी उत्तर वाचले, नळ्यांकडे पाहिले.

"मग हे काय?"

"पाट्यांच्या नळ्या," मी घाईने म्हणालो.

गृहस्थांनी चष्म्यावर फुंकर मारली आणि बटण दाबले. नळी जांभळी उजळली.

"आता शे," ते मला म्हणाले. "दुरुस्त करा, भाऊसाहेब."

मी 'नाही' खोडले. वर 'आहे' लिहून होईपर्यंत त्यांनी बटणावरचे बोट काढले नाही.